देवराईला फरशी घालण्याआधी ग्रामसभेला विचारावे

सचिव, ए विंग:
सर्व सभासदांना नमस्कार. गणेशोत्सवाच्या वर्गणीतील शिल्लक रकमेतून आंबेगाव तालुक्यातील, भीमाशंकरच्या परिसरातल्या एका महादेव कोळी या आदिवासी समाजाच्या वाडीच्या देवराईतील देवस्थानाचा जीर्णोद्धार करावा, असा प्रस्ताव उत्सव समितीकडून आला आहे. देवाच्या ठाण्यावर पत्र्याची शेड, सभोवती फरशी, रस्त्यापासून ठाण्यापर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट आणि पावसाळ्यात सभासदांच्या हस्ते वृक्षारोपण, अशी कामे त्यात आहेत. हरकती व सूचना रविवारच्या सभेपूर्वी येथेच लिहाव्यात, ही विनंती.

बी-३०४:
सचिव महोदय, समितीच्या सद्भावनेविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही या सर्वच कामांना माझी हरकत आहे आणि ती सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. वनस्पतिशास्त्र शिकवण्याच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना घेऊन मी सह्याद्रीतल्या अनेक देवरायांमध्ये गेले आहे. तेथे आपण ज्याला मंदिर म्हणतो ते पुष्कळदा शेंदूर लावलेले तांदळे, म्हणजे न घडवलेले दगड, आणि एखादी झिजलेली मूर्ती एवढेच असते, आणि तेही उघड्यावर. शहरातून गेलेल्या माणसाला ती देवाची आबाळ वाटते. वाडीतल्या माणसाच्या लेखी मात्र ठाण्याभोवतीचे सगळे रानच देवाचे असते. त्यात कुऱ्हाड न्यायची नाही, पायताण बाहेर काढायचे आणि वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही, हे नियम कोणत्याही सरकारी फलकाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले म्हणून भोवतालचे डोंगर उघडेबोडके झाले तरी तेवढा तुकडा उरला. आपल्याच पुण्यातले डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल शास्त्रीय जगापुढे मांडले, आणि पुढच्या अभ्यासकांनीही जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणारे बांधकाम हा देवरायांना असलेला मोठा धोका म्हणून वारंवार नोंदवला आहे.

असा जीर्णोद्धार झालेली एक देवराई मी पाहिली आहे. ठाण्याशेजारच्या जुन्या जांभळाच्या बुंध्याभोवती सिमेंटचे गोल कडे घातले होते. खोड जाड होत त्या कड्यावर फुगून आले होते आणि तेथली साल उकलली होती. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरात असतात, त्यामुळे वर फरशी आली की पाणी आणि हवा दोन्ही तुटतात, आणि मोठे झाड लगेच मरत नसल्यामुळे ते कशाने वठले हे पुढे कोणाच्या लक्षातही येत नाही. तेथून हाकेच्या अंतरावर, फरशी नसलेल्या भागात, पायाखाली पालापाचोळ्याचा गादीसारखा थर होता. तो हाताने बाजूला केला तेव्हा खाली अंजनाची आणि जांभळाची नुकती उगवलेली रोपे दाटीने उभी होती. फरशी घातली की रोज झाडलोट सुरू होते, आणि झाडलोटीबरोबर ही पुढची पिढी केराच्या ढिगात जाते.

वृक्षारोपणाविषयी थोडक्यात लिहिते. देवराईला आपल्या रोपांची गरज नसते. समितीच्या यादीत गुलमोहर आहे आणि तो मूळचा मादागास्करचा. भीमाशंकरच्या सदाहरित रानात, जेथे गारंबीच्या वेली झाडावरून झाडावर चढतात आणि शेकरू जमिनीला पाय न लावता एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जातो, तेथे गुलमोहराचे काहीही काम नाही.

ए-१०२:
ताई, आपला अभ्यास मोठा आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. परंतु शेडची मागणी वाडीतल्याच दोन तरुणांनी समितीकडे केली आहे, हे मी आवर्जून सांगू इच्छितो. जत्रेच्या दिवशी वृद्ध माणसांनी पावसात भिजत उभे राहावे काय? आपण शहरात सगळ्या सोयी घ्यायच्या आणि त्यांना मात्र रान जसेच्या तसे जपायला सांगायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

बी-३०४:
काका, आपला मुद्दा रास्त आहे आणि नेमक्या त्याच कारणाने हा निर्णय आपल्या समितीने किंवा माझ्यासारख्या बाहेरच्या शिक्षिकेने घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे. त्या दोन तरुणांचे म्हणणे ज्या ठिकाणी ऐकले जायला हवे ती जागा ग्रामसभा आहे. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी राज्यघटनेनुसार घोषित केलेल्या क्षेत्रात, येतात आणि तेथे अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. लोकांच्या रूढी-परंपरा, त्यांची सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे त्या कायद्याच्या कलम ४ मध्येच म्हटले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने तर आदिवासींच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या कृत्यांपासून त्यांच्या वस्तीचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हा अधिकार कागदावरचा नाही. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये तेथील ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि डोंगराला देव मानणाऱ्या डोंगरिया कोंध समाजाच्या व त्यांच्या शेजाऱ्यांच्या १२ च्या १२ ग्रामसभांनी खाण नाकारली.

शिवाय ही जमीन वनविभागाची असेल, तर आपल्या देणगीतून तेथे परस्पर बांधकाम करणे कायद्यातही बसत नाही. वनहक्क कायद्यानुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता अशा १३ शासकीय सुविधांसाठीच, प्रत्येक वेळी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे न तोडता आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच देता येते. देवस्थानाची शेड त्या यादीत नाही.

आपल्या आवारातल्या वडाची एक फांदी छाटायची होती तेव्हा आपण महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज केला आणि परवानगी हाती येईपर्यंत थांबलो. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने शहरातल्या ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण दिले आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही वाटतो. ज्यांच्या झाडांचे वय कोणी मोजलेले नाही, त्यांच्या बाबतीत मात्र आपण दोन फोनवर काम ठरवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सी-२०१:
मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही, पण आमचे मूळ गाव त्याच खोऱ्यात आहे आणि मी स्वतः महादेव कोळी समाजाची आहे, म्हणून लिहिणे माझे कर्तव्य समजते. काकांनी उल्लेख केलेल्या तरुणांना खोटे ठरवण्याचा माझा हेतू नाही. गावात मतभेद आहेत. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांना पक्के, टाइल लावलेले मंदिर हवेसे वाटते, कारण शेजारच्या गावात तसे झाले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना देवावर छप्पर घालणे मान्य नसते. झाडाला हात लावण्याआधी देवाचा कौल घ्यावा लागतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. बाहेरून पैसा आला की ही चर्चा होण्याआधीच वाळूचा ट्रक येऊन उभा राहतो आणि विरोध करणारी म्हातारी माणसे गप्प बसतात.

आणखी एक गोष्ट मला सांगायची आहे. आमच्याकडची बहुतेक घरे उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करून, वाळवून विकतात आणि घरात येणाऱ्या रोख पैशाचा मोठा भाग त्यातून उभा राहतो. हिरड्याचे कोणते झाड कोणाच्या घराने वेचायचे हे गावाला ठाऊक असते. म्हणजे आमच्यासाठी झाडे नुसती पूजेची नाहीत. व्यवहार, नाती आणि देव ही सगळी त्याच रानात गुंतलेली आहेत. पेव्हर ब्लॉकची वाट झाली की शनिवार-रविवारच्या गाड्या थेट ठाण्यापर्यंत येतील, ही भीती माझ्या आईने कालच फोनवर बोलून दाखवली.

ए-१०२:
ताई, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. वाटेचा आणि गाड्यांचा विचार आमच्या मनात आला नव्हता. वृद्धांच्या निवाऱ्याचा माझा आग्रह मात्र कायम आहे. तो देवराईच्या हद्दीबाहेर, वाडीलगत होऊ शकेल काय, एवढे तरी विचारावे.

बी-३०४:
अवश्य विचारावे, काका. १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या ओरण या देवरायांच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या अशा रानांसाठी धोरण आखण्याची आणि त्यांची नोंद करण्याची शिफारस केंद्राला केली आहे. वाडीला आपली हद्द आखून, झाडांची आणि ठाण्यांची नोंद स्वतःच्या नावे करून हवी असेल, तर मोजणीसाठी व कागदपत्रांसाठी खर्च येतो. त्यासाठी आपली रक्कम उपयोगी पडू शकेल, पण तेही त्यांनी मागितले तरच.

सचिव, ए विंग:
चर्चेचा आशय लक्षात घेऊन प्रस्ताव रविवारच्या सभेत मंजुरीसाठी ठेवला जाणार नाही. रक्कम बँकेतच राहील आणि ग्रामसभेला पत्र पाठवून त्यांचे म्हणणे मागवले जाईल. पत्राचा मसुदा बी-३०४ यांनी करावा. त्यात आपली इच्छा, उपलब्ध रक्कम आणि निवाऱ्याची सूचना एवढेच असावे.

सी-२०१:
दोन विनंत्या आहेत. पेसा नियम २०१४ नुसार महसुली गावातल्या वाडीलाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळून तिची स्वतःची ग्रामसभा असू शकते, म्हणून पत्र नेमके कोणत्या ग्रामसभेकडे जायला हवे याची चौकशी मी गावी फोन करून आधी करते. दुसरे, पत्रात रकमेचा आकडा कृपया लिहू नये. आकडा आधी कळला की ग्रामसभेत देवराईवर बोलणे होत नाही, पैशावरच होते.

सचिव, ए विंग:
मान्य. रकमेचा उल्लेख मसुद्यात राहणार नाही.