पार्टनरबरोबर बिडिंगचा सराव: दोन वह्या आणि दोन बदाम

निपाणीची वखार

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा, वय ५८, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. माझे ब्रिजचे पार्टनर अप्पा संकेश्वरचे, वय ७१. तीन वर्षं झाली, दर रविवारी सकाळच्या बसनं येतात, आमटी-भात खाऊन चारच्या बसला परत. चौघं जमले तर खेळ, नाहीतर आम्ही दोघंच पानं वाटून नुसतं बिडिंग, म्हणजे हुकूम कोणता आणि हात किती याची बोली, करत बसतो. म्हणजे सराव नाही असं कुणी म्हणू नये.

गेल्या महिन्यात बेळगावला जोड्यांचा खेळ होता. माझ्या हातात इस्पिक राजा, सत्ती, तिर्री. बदाम एक्का, अठ्ठी, चौवी. चौकट एक्का, राणी, दश्शी, पंजी. किलवर राजा, नश्शी, दुर्री. १६ पॉइंट (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन). बोललो एक नो ट्रंप, म्हणजे हुकूमच नको. डावीकडच्या बाई म्हणाल्या दोन किलवर. अप्पा म्हणाले दोन बदाम. उजवीकडून पास.

आता आमचं ट्रान्सफर ठरलेलं आहे. दोन बदाम म्हणजे निदान पाच इस्पिकं, मी मुकाट्यानं दोन इस्पिक म्हणायचं. पण मधे बाई बोलल्या होत्या की! मला वाटलं, मधे कुणी बोललं की ट्रान्सफर बंद, अप्पांकडं खरेच बदाम असणार. पास केलं. पानं मांडली. अप्पांनी आधी पानांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्याकडं बदाम म्हणजे सत्ती आणि दुर्री. इस्पिकं सहा, एक्का-राणी-दश्शीसकट, आणि वर चौकट राजा. दोघांत मिळून पाच बदाम, आणि बदामच हुकूम. किती खाली गेलो ते इथं लिहीत नाही. चार इस्पिक, म्हणजे दहा हात, झोपेतसुद्धा झालं असतं: इस्पिकाचे सहा हात, चौकटीचे तीन, बदामाचा एक्का. दहा मोजायला मला कागद लागत नाही.

खेळ संपल्यावर अप्पा कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, “मुगीतु.” म्हणजे संपलं. परत येताना यमकनमर्डीपर्यंत एक शब्द नाही.

घरी येऊन वह्या काढल्या. खरी गंमत इथं आहे. आम्ही ठरलेलं सगळं लिहून ठेवतो, पण मी माझ्या वहीत मराठीत आणि अप्पा त्यांच्या वहीत कन्नडमध्ये. बोलतो दोघंही दोन्ही भाषा, पण माझं कन्नड वाचन बसच्या पाट्यांपुरतं. अप्पांनी वाचून दाखवलं, ट्रान्सफरच्या ओळीपुढं लिहिलंय “मधे डबल किंवा दोन किलवर आलं तरी चालू”. (डबल म्हणजे समोरच्यांची बोली दुप्पट करणं.) माझ्या वहीत ती ओळच नाही. त्यांना आठवतंय आपण बोललो होतो. मला आठवतंय त्या दिवशी लाईट गेली होती.

तर विचारायचं हे की दोघंच असताना सराव करायचा कसा? आमच्या सरावात समोरचे दोघं नसतातच, त्यामुळं मधे कुणी बोलायचा प्रश्नच येत नाही. का आता वयच झालं म्हणायचं?

किलवर दुर्री

वयाचं काढू नका हो भाऊ. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये पुरुषांच्या जोडीचं सुवर्ण प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणलं, तेव्हा एक ६० वर्षांचे आणि दुसरे ५६ चे. मी स्वतः ६६ ची आहे.

मी टिळकवाडीत राहते, तिसऱ्या गेटजवळ. जावेबरोबर खेळते. शाळेत गणित शिकवलं आयुष्यभर, त्यामुळं वही तपासायची खोड आहे. तुमची चूक बिडिंगची नाहीच, वह्या दोन आहेत ही चूक.

दोघांच्या सरावाचं आमचं असं आहे: पानं चारी ठिकाणी वाटायची, दोनच उचलायची नाहीत. आपलं बिडिंग सुरू झालं की समोरच्या दोन गड्ड्यांतली ज्याची पाळी असेल ती उचलून बघायची. पाच पानांचा बरा रंग आणि १० पॉइंट असले तर तो बोललाच असं धरायचं. पानं बघते मी एकटीच, जावेला फक्त बोली सांगते. पुढच्या डावाला ती बघते. बघणाऱ्याला जास्त माहिती होते, थोडी लबाडी होते, पण मधे बोलणं आलं की काय करायचं याची सवय लागते. आधी आम्ही नातवाला बसवलं होतं, “तुला वाटेल तेव्हा काहीतरी बोल” म्हणून. तो प्रत्येक वेळी सात नो ट्रंप म्हणायचा.

आमचं एक नो ट्रंपवरचं ठरलेलं सांगते, आवडलं तर घ्या. डबल किंवा दोन किलवर आलं तर सगळं जसंच्या तसं चालू. दोन किलवर त्यांनी बोलून टाकलं की आपलं स्टेमन (दोन किलवर बोलून पार्टनरला चार बदाम किंवा चार इस्पिकं आहेत का विचारणं) अडतं, म्हणून त्यावर आपलं डबल म्हणजे स्टेमन. दोन चौकट किंवा त्याच्या वर काही आलं की सगळं बंद, बोललं तो रंग खरा. तीन ओळी आहेत, पण जावेशी भांडून ठरवायला दोन पावसाळे गेले.

आणि मोठे हात हवे असतील तर नुसते वाटत बसू नका, दिवस जातो. ब्रिज बेस ऑनलाइनवर बिडिंगचं टेबल लावता येतं, दोघांना मिळून इतके पॉइंट असलेलेच डाव दे म्हणून सांगता येतं. अप्पा संकेश्वरात, तुम्ही निपाणीत, बसभाडं वाचेल.

चौकट गुलाम

यासाठीच आम्ही मेंढीकोट खेळतो. कोट बसला की बसला, वही नको नि पेन नको.

कॅम्पातला

वखारवाले साहेब, दोन-तीन प्रश्न आहेत. सरावात तुम्ही बोली तोंडानं बोलता का? बोलतच असणार. मग अप्पांकडं पानं कमी असली की त्यांचा आवाज उतरतो का? खरं सांगा.

मी फौजेत असताना मेसमध्ये शिकलो. माझे तेव्हाचे पार्टनर चांगले पॉइंट असले की पाण्याचा ग्लास सरळ करायचे. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. मला सहा महिन्यांत कळलं, आणि कळल्यावर मी त्यावरच बिडिंग करायला लागलो होतो, हे लिहायला लाज वाटते. नियमानं ते चालत नाही. आवाज, थांबणं, हुंकार यांवरून पार्टनरची पानं ओळखून बोलायचं नाही, आणि जे ठरलंय ते समोरच्यांनी विचारलं तर सांगायचं. ते तुमचं दोघांचं गुपित नाही. स्पर्धेत बिडिंग बॉक्स, म्हणजे न बोलता दाखवायच्या बोलीच्या कार्डांचे डबे, असतात ते यासाठीच.

म्हणून सराव मुक्यानं करा. कागदावर लिहा, चिठ्ठी सरकवा. आठवड्यात व्हॉट्सॲपवर करा: एकानं डाव वाटून पार्टनरच्या तेरा पानांचा फोटो पाठवायचा, स्वतःची तेरा घ्यायची, मग एकेक बोली टाइप करायची. शेवटी दोघांनी आपापल्या प्रत्येक बोलीपुढं लिहायचं, “मला यातून हे सांगायचं होतं.” आणि समोरच्याच्या बोलीपुढं, “मला हे कळलं.” दोन्ही जुळवून बघा. निम्मं जुळलं तरी मला सांगा.

तुमच्या त्या डावाबद्दल आणखी एक. ट्रान्सफर उगीच नसतं. इस्पिक तुम्ही खेळला असता तर पहिलं पान बाईंना टाकावं लागलं असतं, आणि किलवर त्यांचाच. त्यांनी किलवर काढलं तर तुमचा राजा शाबूत. अप्पा खेळले तर पहिलं पान उजवीकडच्यानं टाकायचं, त्यानं मांडलेल्या राजाच्या अंगावरून किलवर काढलं की राजा बाईंच्या कात्रीत. हे एकदा पानं मांडून अप्पांना दाखवा. का करायचं ते डोळ्यांनी दिसलं की विसरायला होत नाही.

काकूंचं ते डबल म्हणजे स्टेमन मात्र तुम्ही इतक्यात घेऊ नका. आधी जे आहे ते पक्कं करा.

किलवर दुर्री

घेऊ नका कसं? मग दोन किलवरवर चार बदामवाल्यानं काय करायचं, घरी जायचं?

निपाणीची वखार

सगळ्यांना धन्यवाद. रविवारचं सांगतो.

अप्पा येताना बेळगावचा कुंदा घेऊन आले, म्हणजे राग गेलेला होता. आधी मी कॅम्पातल्या सरांचा आवाजाचा प्रश्न काढला. अप्पा म्हणाले, माझा आवाज कुठं उतरतो? मग ते मला म्हणाले, तू मात्र बरी पानं असली की चष्मा वर करतोस. बायको आतून म्हणाली, करतातच. मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही.

मग चिठ्ठ्यांवर बावीस डाव केले. पानं एका डावाला मी बघितली, एका डावाला अप्पांनी. “मला हे कळलं” जुळवलं तर बावीसपैकी अकरा जुळले. सर, बरोबर निम्मं. त्यातले सात असे होते की दोघांनीही पहिल्या दमात पास केला होता.

वही आता एकच. कुणाच्या लिपीत यावर अर्धा तास गेला. शेवटी इस्पिक-बदामाची चित्रं आणि आकडेच काढायचे ठरलं, “चालू” ला बरोबरची खूण, “बंद” ला फुली. अप्पांचा बदाम पिंपळाच्या पानासारखा येतो, पण ओळखू येतो. दर पानाखाली दोघांची सही. काकूंच्या तीन ओळी उतरवल्या आहेत, सरांची माफी मागून.

डबलचं पान कोरं आहे. समोरच्यांनी एक बदाम म्हटलं आणि मी डबल केलं, तर अप्पा म्हणतात पार्टनरनं आपला रंग बोलायचा. इथवर ठीक. पण समोरचे चार बदामला पोचल्यावर मी डबल केलं तर? अप्पा म्हणतात, तेव्हाही बोलायचं. मी म्हणतो, तेव्हा गप्प बसायचं आणि त्यांना पाडायचं. चारची बस आली म्हणून राहिलं.