मदत हवी आहे: रोज रांगोळी टाकते, पण माणसं टिकत नाहीत

मंडळी, दिवाळी पाडव्यापासून इन्स्टाग्रामवर रोज सकाळी सातला एका रांगोळीची रील टाकते. बहुतेक ठिपक्यांचीच, सात ते एक. मोबाईल स्टुलाच्या पायाला रबरबँडने बांधलेला, त्यामुळे मध्येच माझी वेणी फ्रेममध्ये येते, ते सोडा.

एका कासवाच्या रांगोळीला चाळीस हजार व्ह्यूज आले. दोनेकशे फॉलोअर वाढले, पण त्यांतलं कुणी पुन्हा फिरकलं नाही. उलट पंधरा-वीस बायका अगदी पहिल्यापासून आहेत. साडेसात झाले की "आज उशीर का गं?" म्हणून मेसेज करतात. मला अशाच हव्या आहेत, आकडे नकोत.

आता मुलाची शाळा सकाळची झाली. ७५ दिवस आधीपर्यंत पोस्ट शेड्यूल करता येते, म्हणून रविवारीच सहा-सात रांगोळ्या काढून ठेवू का? पण मग "आज अंगणात पाऊस आहे" असं ताजं बोलता येणार नाही, आणि त्यावरच तर जास्त गप्पा होतात. की रोजचा नेम सोडून आठवड्यातून तीनच टाकू? कमेंटना उत्तरं द्यायला तुम्ही दिवसातला किती वेळ राखून ठेवता? वर्षभर टिकलेल्यांनी सांगा, प्लीज.