बाळ झोपलं की घर आवरायचं, की आपण आडवं व्हायचं?

घरून काम करणारी आई

माझी लेक 17 महिन्यांची आहे. दुपारी एकच्या सुमारास तिचा डोळा लागतो आणि तिथून माझी धावपळ सुरू होते. ओटा, धुणं, सकाळपासून साठलेले मेल, दोन फोन. ती कधी 40 मिनिटांत उठते, कधी दीड तास झोपते. वर्षभर मी ती झोप कामासाठीच वापरली. तिला झोप लागल्यावर मी बसले, असं एकदाही झालं नाही.

गेल्या महिन्यात तिला ताप होता. रात्री दोनदा उठले. पहाटे बाटली हातात घेतली आणि मघाशी औषध दिलं की नुसतं द्यायचं ठरवलं, हे मला आठवेना. पाच मिनिटं तशीच उभी होते. शेवटी दिलं नाही, उजाडल्यावर डॉक्टरांना फोन केला. काही बिघडलं नाही. पण त्या पाच मिनिटांनी मला हलवलं.

तेव्हापासून एक नियम केला आहे. ती झोपली की आधी मी पडते. 25 मिनिटांचा गजर लावते. त्याहून जास्त झोपलं तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं जड राहतं. उरलेल्या वेळात काम. जे राहिलं ते राहिलं.

‘आधी काम संपव, मग आराम कर’ हे ऐकत आपण मोठे झालो. पण हा नियम संपणाऱ्या कामासाठी आहे. घरातलं काम संपत नाही. घडी घातलेला सदरा संध्याकाळी पुन्हा धुण्यात येतो. मग आराम त्याच्या पाठीमागे ठेवला, तर त्याची पाळी येणार कधी?

आणखी एक गोष्ट. 2003 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना 14 दिवस कमी झोपू दिलं. रोज 6 तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता इतकी घसरली की जणू एक-दोन रात्री ते झोपलेच नव्हते. त्यांना मात्र स्वतःला तितकी झोप येतेय असं वाटत नव्हतं. मला हेच भयंकर वाटतं. ‘मला जमतंय’ असं वाटणं हा जमत असल्याचा पुरावा नाही.

तुम्ही काय करता?

दोन मुलांची आई

औषधाचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला. तरीही नियमाशी सहमत नाही.

मी हे करून पाहिलं आहे. धाकटा झोपला की पलंगावर पडायचे. डोळे मिटलेले आणि डोक्यात यादी चालू. सिंकमध्ये भांडी, बाथरूममध्ये भिजवलेले कपडे, मोठीच्या शाळेचा फॉर्म. 20 मिनिटं कूस बदलण्यात जायची. तेवढ्यात तो उठायचा आणि मग ना आराम झालेला, ना काम.

पुढचं तुम्ही लिहिलं नाहीत. ‘जे राहिलं ते राहिलं’ म्हणता, पण ते कुठे जात नाही. ते संध्याकाळी करावं लागतं, एक पोर कडेवर आणि एक पायात घेऊन. पेटत्या शेगडीशी, ओल्या फरशीवर. बाळ झोपलेलं असताना जे 15 मिनिटांत हातावेगळं होतं, त्याला ते जागं असताना तास लागतो, आणि त्या तासात मी मुलांवर ओरडते. तुमची दुपारची विश्रांती माझ्या घरात संध्याकाळच्या आरडाओरड्याने फेडावी लागेल.

आवरलेल्या खोलीत मी 10 मिनिटं बसले तरी मला बरं वाटतं. पसाऱ्यात तासभर पडूनही नाही.

रात्रपाळीवाला बाबा

डोक्यातल्या यादीबद्दल : 2018 मध्ये बेलर विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी कागदावर लिहिणारे लोक, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी 9 मिनिटं लवकर झोपले. मी उशाशी वही ठेवतो. दोन ओळी खरडायच्या, वही मिटायची.

दोन मुलांची आई

वहीत लिहिल्याने भांडी घासली जात नाहीत हो. पण आज लिहून बघते.

घरी असणारा बाबा

आमच्याकडे बायको नोकरीला जाते, मी घरी असतो. मुलं 4 वर्षं आणि 8 महिने.

तुम्ही दोघी एका दुपारच्या तासावर भांडताय आणि घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचा उल्लेखच नाही. तो कुठे आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालात जगभरातला हिशोब आहे : बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांत बायकांचे दिवसाला सरासरी 4 तास 25 मिनिटं जातात, पुरुषांचे 1 तास 23 मिनिटं. मी घरी बसायला लागलो तेव्हा हा आकडा मला अंगावर कळला.

आम्ही विश्रांती बाळाच्या झोपेवर ठेवलीच नाही. संध्याकाळी 7 ते 8 माझी सुट्टी. त्या तासात कुणी रडलं तरी मी खोलीबाहेर येत नाही. रविवारी सकाळचे दोन तास तिचे. पहिले पंधरा दिवस मला दाराआड बसवत नव्हतं, कान बाहेरच असायचे. आता झोप लागते. बाळाची झोप आपल्या हातात नसते. जोडीदाराशी ठरवलेली वेळ असते.

एकटी पालक

दादा, तुमचं पटतं, पण माझ्या घरात दुसरं माणूस नाही. 7 ते 8 दार लावून घेतलं तर बाहेर कोण असेल?

दर वेळी ही चर्चा ‘जोडीदाराशी बोला’ इथे येऊन थांबते आणि माझ्यासारखीला पुढे वाचायला काही उरत नाही. म्हणून मी काय केलं ते सांगते. मी कामंच कमी केली. धुतलेले कपडे घडी न घालता तीन टोपल्यांत जातात. इस्त्री बंद. मुलाची खेळणी अर्धी कपाटात, दर महिन्याला बदलते, त्यामुळे पसाराच अर्धा. फरशी एक दिवसाआड. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 मध्येच ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली होती. मूल वाढतं तशी आईने त्याची प्रत्येक गरज क्षणात भागवणं हळूहळू कमी करणं हेच त्याच्या वाढीला लागतं, असं ते म्हणत. ते बाळाबद्दल बोलत होते, मी ते फरशीलाही लावलं.

घरी असणारा बाबा

चूक झाली. मी लिहिताना तुमच्यासारखं घर डोळ्यासमोर ठेवलं नव्हतं. टोपल्यांची कल्पना आजपासून आमच्याकडे.

घरून काम करणारी आई

संध्याकाळच्या शेगडीचा मुद्दा मी खरंच धरला नव्हता. माझी एकच आहे आणि ती अजून पायात येत नाही, म्हणून ‘राहिलं ते राहिलं’ म्हणणं मला सोपं गेलं. धोक्याची कामं, म्हणजे शेगडी आणि ओली फरशी, तिच्या झोपेत आधी उरकायची, हे मान्य. 10 मिनिटं. पण मेल आणि घड्या माझ्या झोपेच्या आधी येणार नाहीत, त्यावर मी ठाम आहे. त्या पहाटेनंतर तर नाहीच.

दोन मुलांची आई

10 मिनिटांवर हात थांबवता येणं, तेच मला जमत नाही ताई. एक भांडं धुतलं की दुसरं दिसतं.

वही आणली. काल दुपारी सात ओळी लिहिल्या, झोप लागली नाही. पण पाच ओळी वाचल्यावर लक्षात आलं की त्या माझ्या नव्हत्याच, नवऱ्याला सहज करता येतील अशा होत्या. पान फाडून त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवलंय. संध्याकाळी तो काय म्हणतो ते लिहिते.