पॅन्क्रियाटायटिसनंतर ४.५ किलोच्या पॉमेरेनियनचं कमी फॅटचं खाणं कसं ठरवायचं?

प्रश्न (चिकूचीआई)

पॉमेरेनियन, मादी, ७ वर्षं, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, वजन ४.५ किलो. उलट्या आणि पोटदुखी होती. सीपीएल टेस्ट (स्वादुपिंडाच्या सुजेसाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली, सोनोग्राफीतही स्वादुपिंडाला सूज, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस, दिसली. आता उलट्या थांबल्यात, घरी आणलंय. डॉक्टरांनी 'लो फॅट' खाणं सांगितलंय. दुकानात तीन पर्याय दिसले: एका कोरड्या खाण्यावर फॅट ७%, एका ओल्या डब्यावर ३%, आणि तिसऱ्या पाकिटावर नुसतं 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल'. ३% म्हणजे डबाच सगळ्यात चांगला ना? घरचं चिकन-भात चालेल का, आणि किती? तिला पोळीच्या तुकड्यांची सवय आहे.

उत्तर (वाटीचमचा)

डबा चांगला दिसतो तो पाण्यामुळे. लेबलवर ओलावा ७८% असेल तर कोरडा भाग फक्त २२ उरतो, आणि ३ भागिले २२ म्हणजे १३.६% फॅट. कोरड्या खाण्यात ओलावा १०% धरला तर ७ भागिले ९०, म्हणजे ७.८%. ३ विरुद्ध ७ ही तुलनाच चुकीची.

यापेक्षा पक्का हिशेब म्हणजे १००० कॅलरीमागे किती ग्रॅम फॅट. लेबलवरच्या टक्क्याला १० ने गुणा, म्हणजे किलोमागे ग्रॅम मिळतात. त्याला किलोमागच्या कॅलरींनी भागा आणि १००० ने गुणा. ७% फॅट आणि ३४०० कॅलरी असेल तर ७० भागिले ३.४, साधारण २१ ग्रॅम. ३% चा डबा किलोला ९०० कॅलरीचा असेल तर ३३ ग्रॅम. नुकत्याच बऱ्या झालेल्या कुत्रीसाठी २० ते २५ च्या आसपास राहा, ३० च्या वर जाऊ नका. लेबलवर फॅटपुढे 'किमान' लिहिलं असेल तर प्रत्यक्षात जास्त असू शकतं. अशा वेळी कंपनीकडून सरासरी आकडा मागवा.

तिसरं पाकीट घेऊ नका. साधं गॅस्ट्रोइंटेस्टायनल (पोट-आतड्याच्या तक्रारींसाठीचं) खाणं हे थोड्या खाण्यात जास्त ताकद मिळावी म्हणून केलेलं असतं, त्यात फॅट बरंच जास्त असतं. रॉयल कॅनिनचं गॅस्ट्रोइंटेस्टायनल आणि गॅस्ट्रोइंटेस्टायनल लो फॅट, हिल्सचं आय/डी आणि आय/डी लो फॅट ही वेगवेगळी खाणी आहेत. पाकिटं सारखी दिसतात, काउंटरवरही गल्लत होते. 'लो फॅट' हे दोन शब्द स्वतः वाचून घ्या.

उत्तर (मोजूनमापून)

आता किती द्यायचं ते. वजन तीनदा गुणा (४.५ × ४.५ × ४.५ = ९१), त्याचं दोनदा वर्गमूळ काढा (३.०९), आणि ७० ने गुणा. आले २१६ कॅलरी. ही विश्रांतीची गरज. पहिले काही दिवस एवढंच ध्येय ठेवा, भूक आणि शी नीट झाली की नसबंदी झालेल्या, घरातच असणाऱ्या कुत्रीला २६० ते ३०० पर्यंत न्या. वरच्या ३४०० कॅलरीच्या खाण्यात ते ७६ ते ८८ ग्रॅम होतात. वाटीने नको, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. दिवसाचं खाणं चार भागांत द्या.

३०० कॅलरी आणि हजारामागे २५ ग्रॅम म्हणजे दिवसभराचं सगळं फॅट साडेसात ग्रॅम. तूप लावलेल्या पोळीवर एक छोटा चमचा तूप असेल तर त्यातच ५ ग्रॅम गेले. मोठ्या कुत्र्याला तुकड्याने फारसा फरक पडत नाही, हिचा कोटा तिथेच संपत येतो. साय, चीज, पनीर, खारी, बिस्किटं, अंड्याचं पिवळं बंद. गोळीसुद्धा लोण्यात नको, भाताच्या गोळ्यात द्या. सवय मोडवत नसेल तर उकडलेला लाल भोपळा किंवा गाजराचे तुकडे, दिवसाच्या कॅलरींच्या १०% च्या आत. घरातल्या सगळ्यांना हे सांगायलाच हवं, विशेषतः ज्यांच्या ताटाशी ती बसते त्यांना.

चिकन-भात: कातडी काढलेलं ब्रेस्ट ५० ग्रॅम आणि पांढरा भात १०० ग्रॅम, दोन्ही शिजल्यावर मोजलेलं. मिळून साधारण २१० कॅलरी आणि जेमतेम २ ग्रॅम फॅट. लेगपीस नको, त्यात फॅट जास्त. पाण्यात नुसतं उकडा. कांदा, लसूण, तयार सूप क्यूब काही नाही. उकडलेलं पाणी भातावर घालायचं असेल तर फ्रीजमध्ये ठेवून वर गोठलेला थर काढून टाका. चिकन चालत नसेल तर अंड्याचं पांढरं. बांगडा, तारली तेलकट म्हणून नको.

पण हे खाणं अपुरं आहे. कॅल्शियम, जस्त, काही जीवनसत्त्वं आणि आवश्यक मेदाम्लंही त्यातून मिळत नाहीत. आठवडा-दोन आठवडे ठीक. कायम घरचंच द्यायचं तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून पूरक पावडरसह पाककृती लिहून घ्या.

उत्तर (शेपूटवाली)

वरचं सगळं पटलं. दोन भर.

'स्वादुपिंडाला आराम' म्हणून उपाशी ठेवायचा सल्ला अजून दिला जातो. तो आता मागे पडलाय. उलट्या औषधाने आटोक्यात आल्या की लवकर, थोडं थोडं खायला घालतात, कारण उपाशी आतड्याचं अस्तर खराब होतं. चिकन-भातावरून पाकिटावर जाताना ५ ते ७ दिवस घ्या, आधी पाव भाग नवं, मग निम्मं. जुनं जास्त फॅटचं खाणं मात्र 'सवयीसाठी' मिसळू नका, तेच टाळायचं आहे.

डॉक्टरांना १२ तास उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड (रक्तातलं फॅट) तपासायला सांगा. लो फॅटवर ४ ते ६ आठवड्यांनीही ते ५०० mg/dL च्या वर राहिलं तर आणखी कमी फॅटचं घरगुती खाणं किंवा औषध लागतं. शिवाय थायरॉइड, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार) किंवा मधुमेह मागे आहे का तेही बघावं लागतं. फिटसाठी फेनोबार्बिटल किंवा पोटॅशियम ब्रोमाइड चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतः बंद करू नका.

चिकूचीआई

खूप आभार. ७% वालंच घेते. एकदा उलटी झाली तर लगेच न्यायचं का?

शेपूटवाली

एक उलटी आणि नंतर खातेय, खेळतेय, तर फोन करून विचारा. दुसरी उलटी, खाणं नाकारणं, किंवा पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरून उभी राहणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या. माणसांचं पेनकिलर देऊ नका, आयबुप्रोफेन तर अजिबात नाही.