सल्ला हवा: शनिवारी रात्री सहा-सात जणांनी मिळून खेळायला कोणता खेळ घ्यावा?

मुलुंडकरीण
पावसाळा लागला की आमचं शनिवार-रविवार बाहेर पडणं बंद होतं. ठाण्याहून नणंद, तिचे यजमान आणि ११ वर्षांचा भाचा येतात. आम्ही दोघं आणि सासूबाई धरून सहा, समोरच्या काकू आल्या की सात. जेवणं आटोपली की जो तो मोबाइल घेऊन आपापला कोपरा धरतो. ते मला बंद करायचंय.

अडचणी सांगून ठेवते. सासूबाई ७४ वर्षांच्या, रमीत पक्क्या. पण इंग्रजी वाचून खेळायचं म्हटलं की "तुमचं चालू द्या" म्हणत उठतात. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, म्हणजे सगळं चौघांच्या जेवणाच्या टेबलावर मावलं पाहिजे. भाचा बुद्धिबळ खेळतो, त्याला नुसते फासे टाकणं पोरकट वाटतं. नवऱ्याला हरणं सोसत नाही (तो हे वाचणार नाही याची खात्री आहे म्हणून लिहितेय). कॅरम आहे, पण चौघं खेळतात आणि बाकीचे आंबट तोंडाने बघत बसतात. व्यापार काढला की भांडणं ठरलेली. बजेट दोन हजारांपर्यंत. सुचवा.

पत्तेबाज
सीक्वेन्स घ्या आणि मोकळ्या व्हा. सासूबाईंना पत्ते येतात ना, मग अर्धा खेळ त्यांना आधीच येतो. १० बाय १० चौकोनांचा पट, त्यावर पत्ते छापलेले. गुलाम सोडून प्रत्येक पान पटावर दोनदा असतं आणि चारही कोपरे सगळ्यांना मोकळे. हातातलं पान टाकायचं, पटावर त्याच पानावर आपल्या रंगाची सोंगटी ठेवायची, गड्डीतून नवीन पान उचलायचं. उभ्या, आडव्या नाहीतर तिरक्या सलग पाच सोंगट्या झाल्या की एक सीक्वेन्स. वाचायचं काहीच नाही.

गुलामांची गंमत वेगळी. चौकट आणि किलवरच्या गुलामांना दोन डोळे दिसतात, ते टाकून सोंगटी कुठेही ठेवता येते. बदाम आणि इस्पिकचे गुलाम एकडोळे, त्यांनी समोरच्याची सोंगटी उचलून टाकायची. भाच्याला इथे डोकं चालवायला भरपूर वाव आहे.

सहा जण म्हणजे तिघा-तिघांचे दोन संघ किंवा तीन जोड्या, प्रत्येकाला पाच पानं. दोन संघ असतील तर दोन सीक्वेन्स कराव्या लागतात, तीन असतील तर एक पुरते. मला तीन जोड्या जास्त आवडतात. तिसऱ्याला अडवायचं कुणी, यावरच अर्धा डाव जातो. सात जणांत मात्र समान संघ पडत नाहीत. काकू आल्या की आळीपाळीने एकेकाने चहा टाकायचा.

आणि एक नियम पहिल्याच दिवसापासून लावा, मागाहून कुणी ऐकत नाही: भिडूला तोंडाने किंवा खुणेने काही सुचवलं, तर त्या संघातल्या प्रत्येकाचं एक पान जातं. आमच्याकडे मावशी मोक्याच्या वेळी खोकायच्या. आता खोकल्यालाही पान जातं.

डावखुरा
भाचा बुद्धिबळवाला आहे तर त्याला कॅटन द्या हो. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने केलेला खेळ, १९९५ चा. बेटावर रस्ते आणि वस्त्या बांधायच्या, त्यासाठी विटा, लाकूड, लोकर, धान्य आणि खनिज जमवायचं, १० गुण आधी करेल तो जिंकला. फासे आहेत, पण खरा खेळ सौद्यांचा. पाळी दुसऱ्याची असली तरी तो तुमच्याकडे वीट मागत येतो, त्यामुळे झोप लागत नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी माणसं ह्यात पहिल्याच डावात तयार होतात.

फास्ट_लोकल
डावखुरा, खेळ उत्तम, पण ह्या घराचा नाही. मूळ डब्यात तीन ते चार जणांचंच सामान असतं. पाच-सहा जणांसाठी जोडसंच वेगळा घ्यावा लागतो आणि दोन्ही मिळून दोन हजारांत बसवणं अवघड. शिवाय फाशांवर ७ पडले की चोर हलवायचा आणि ज्याच्या वस्तीला लागून ठेवला त्याचं एक पान काढून घ्यायचं. हरणं न सोसणाऱ्या माणसावर मेहुण्यांनी लागोपाठ चोर बसवला, तर तो विषय पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल.

मुलुंडकरीण ताई, माझं मत विचाराल तर दुकानात डबा बघण्याआधी आपली पाळी किती वेळाने येते ते बघा. सहा जणांत प्रत्येकाने दोन-दोन मिनिटं विचार केला तर दहा मिनिटं नुसतं बसायचं. मोबाइल तेवढ्यातच हातात येतो. म्हणून सगळे एकदम खेळतात असा खेळ हवा.

त्यासाठी ६ निम्ट. हाही जर्मन, वोल्फगांग क्रामरचा, १९९४ सालचा. दोन ते दहा जण, म्हणजे काकूंसकट सात झाले तरी हरकत नाही. १ ते १०४ आकड्यांची पानं, प्रत्येकाला दहा, मधे चार ओळी. सगळ्यांनी एकेक पान पालथं ठेवायचं आणि एकदम उघडायचं. मग लहान आकड्यापासून सुरू करून, आपल्याहून लहान पण जवळात जवळच्या आकड्यापुढे पान लावायचं. ओळीत सहावं पान ज्याचं आलं त्याने आधीची पाचही उचलायची. पानांवर बैलांची डोकी असतात, तितका दंड. कुणाचा दंड ६६ वर गेला की खेळ थांबतो, सगळ्यात कमी दंडवाला जिंकतो. ५५ च्या पानावर एकट्यावर सात बैल आहेत, आमच्या ग्रुपमध्ये "पंचावन्न" ही शिवी झालीय.

ह्यात कुणी कुणावर मुद्दाम वार करत नाही, किंवा केला तरी सिद्ध करता येत नाही. तुमच्या यजमानांच्या दृष्टीने हे महत्त्वाचं. लोकलमध्ये मात्र जमत नाही, चार ओळी मांडायला मांडीवरची बॅग पुरत नाही. तिथे आपली रमीच.

बोरिवली_स्लो
बदाम सात. फुकट.

गिरगावकर_काका
व्यापाराला सगळे नावं ठेवतात म्हणून मुद्दाम लिहितोय. भांडणं होतात, डाव संपत नाही, कारण नियम कुणी वाचत नाही. आपला व्यापार ज्या मोनोपॉलीवरून आला, तिचा नियम बघा: जागेवर आलेल्याने ती विकत घेतली नाही, तर तिथल्या तिथे लिलाव, आणि बोली सगळ्यांना खुली. किती घरांत हा लिलाव होतो? आमच्या चाळीत कधीच झाला नाही. जागा तशीच पडून राहायची, पुन्हा फिरून तिथे येईपर्यंत तासभर. दुसरी खोड म्हणजे दंडाचे पैसे पटाच्या मधे साठवायचे आणि फ्री पार्किंगवर आलेल्याने सगळे उचलायचे. हे नियमात नाही. बँकेत गेलेला पैसा असा परत खेळात येतो, दिवाळं कुणाचंच निघत नाही आणि रात्रीचे बारा वाजतात.

बाकी भांडणाचं म्हणाल तर खेळाची कुळीच तशी आहे. पार्कर ब्रदर्सनी १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आणली, पण त्याच्या कितीतरी आधी, १९०४ मध्ये, लिझी मॅगी या अमेरिकन बाईने जमीनदाराच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं. जागेचा मालक भाडेकरूला कसा पिळतो हे लोकांना दिसावं म्हणून तिने तो केला. पागडीच्या खोलीत लहानाचा मोठा झालेल्या मला ते दाखवायला पटाची गरज नव्हती, तो भाग वेगळा.

तिसरी_घंटा
काका, लिलावाला शंभर टक्के अनुमोदन. पण ज्याचं दिवाळं पहिलं निघालं त्याने पुढे काय करायचं? मोबाइलच घेणार ना तो.

माझ्याकडून कोडनेम्स. मूळ खेळ इंग्रजी शब्दांचा आहे (व्लादा ख्वातिल, २०१५), पण घाबरू नका, शब्द आपण मराठी करायचे. सुट्ट्या चिठ्ठ्यांवर दोनशेएक नामं लिहून डब्यात टाका. त्यातल्या २५ काढून पाच बाय पाच मांडायच्या. दोन संघ, प्रत्येकाचा एक म्होरक्या. कुठले शब्द कुणाचे हा नकाशा फक्त म्होरक्यांना दिसतो: सुरुवात करणाऱ्यांचे ९, दुसऱ्यांचे ८, सात कोरे आणि एक काळा. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं, आपल्या माणसांनी शब्द ओळखायचे. काळ्यावर बोट ठेवलं की डाव तिथेच हरला.

आमच्याकडे आईने सूचना दिली, "पाऊस, तीन". तिच्या मनात छत्री, भजी आणि रूळ. आम्ही छत्री आणि भजी बरोबर उचलली आणि मग "शाळा" म्हणालो, कारण पाऊस म्हणजे सुट्टी. काळा शब्द नेमका शाळा. आई अजून म्हणते, सायनला रुळावर पाणी भरतं हे तुम्हाला माहीत नाही का. म्होरक्याने ह्या वेळी चेहरा दगडाचा ठेवायचा असतो, आणि तो ठेवताना त्याच्याकडे बघण्यातच निम्मी मजा आहे. सात जण असले तरी संघ लहान-मोठे चालतात.

पान, हार, कळ, माळ, घाट, कर असे दुहेरी अर्थाचे शब्द भरपूर घाला, खेळ चढतो.

मुलुंडकरीण
वा, एवढं सगळं! काका, लिलावाचं आज घरी वाचून दाखवलं, नवरा म्हणाला "मी आधीपासून हेच सांगतोय". तो कधीही सांगत नव्हता.

दोन शंका. सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध जिंकायचं असेही खेळ असतात म्हणे, ते कसे? आणि पावसाळ्यात आमच्याकडे पापड मऊ पडतात तसे पत्तेही पडतात. काय करता तुम्ही?

सोंगटी
एकत्र जिंकायचे खेळ म्हणजे पँडेमिक वगैरे. जगात साथी पसरतायत, सगळ्यांनी मिळून आवरायच्या (मॅट लीकॉक, २००८). सुंदर आहे, पण मूळ खेळ चौघांपुरताच, शिवाय पानांवर इंग्रजी. आणि एक धोका सांगते: पट सगळ्यांसमोर उघडा असतो, त्यामुळे घरातला हुशार माणूस सगळ्यांचे डाव स्वतःच ठरवायला लागतो. "तू तिकडे जा, तू हे पान टाक." बाकीचे त्याचे हमाल. हनाबीमध्ये हे होत नाही, कारण तिथे आपली पानं आपल्यालाच दिसत नाहीत, उलटी धरायची, समोरच्यांनी मोजक्या सूचना द्यायच्या. तो पाच जणांपर्यंत.

सासूबाईंसाठी मी वेगळंच सुचवेन. तुम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर दुपारी काकू येत असतील ना? रमीकब. १०६ ठोकळे, त्यात दोन जोकर, दोन ते चार जण. रमीच, फक्त मांडलेले संच पुन्हा मोडून नवीन जुळवता येतात. पहिल्यांदा उतरताना किमान ३० गुण हवेत. ठोकळे जाड, आकडे मोठे, हात थरथरला तरी स्टँडवर उभे राहतात. आणि प्लास्टिकचे, त्यामुळे दमट हवेला भीक घालत नाहीत.

फास्ट_लोकल
पत्त्यांसाठी: कागदी पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं मिळतात ती घाला, नाहीतर डबा हवाबंद करून आत बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी टाका. खेळताना भजी टेबलावर नको, हा नियम आमच्याकडे लेखी आहे. कॅरम बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरून फुगतो. बोरिक पावडरचे गोळे झाले तर चाळून घ्या.

पत्तेबाज
खरेदीबद्दल राहिलं. क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर अब्दुल रहमान स्ट्रीटवर चक्कर मारा, पण दुकानातच डबा उघडून बघा. सीक्वेन्समध्ये दोन कॅट असतात, म्हणजे जोकर सोडून १०४ पानं, आणि पट कडक पुठ्ठ्याचा हवा. नकली मालात पट घडीवर लवकर फाटतो. आधी खेळून बघायचं असेल तर अंधेरी-वांद्र्याकडे बोर्ड गेमची कॅफे आहेत, तिथे बसून खेळता येतं, माहितगार मुलं नियमही समजावतात. फक्त सासूबाईंना तिथलं संगीत झेपेल का बघा.

काही विकत घ्यायच्या आधी ह्या शनिवारी मेंढीकोट मांडा. सहा जणांत चारही दुर्र्या काढल्या की ४८ पानं, प्रत्येकी आठ, तिघा-तिघांचे संघ. हात करून दश्श्या जमवायच्या, चारही एकाच बाजूला गेल्या की मेंढीकोट.

मुलुंडकरीण
ठरलं. ह्या शनिवारी मेंढीकोट, पुढच्या आठवड्यात सीक्वेन्स. ६ निम्ट ऑनलाइन बघून ठेवलाय, आणि मराठी चिठ्ठ्यांचं काम भाच्यावर टाकलंय, त्याने आत्ताच "वडापाव" आणि "पनवती" लिहिलेत. रमीकब सासूबाईंच्या वाढदिवसाला.

भाच्याने पत्तेबाजांसाठी प्रश्न पाठवलाय: पूर्ण झालेल्या सीक्वेन्समधली सोंगटी एकडोळ्या गुलामाने काढता येते का? आणि हातातल्या पानाच्या दोन्ही जागा आधीच भरल्या असतील तर?

पत्तेबाज
पहिल्याचं उत्तर नाही. पूर्ण झालेली ओळ सुरक्षित, गुलाम तिला शिवू शकत नाही. दुसरं, ते मेलेलं पान. आपल्या पाळीला ते उघडं टाकायचं, बदली पान घ्यायचं आणि मग नेहमीसारखा डाव खेळायचा, पण एका पाळीत असं एकच पान बदलता येतं. आणि त्याने विचारलं नाही तरी सांगून टाका: दुसरी सीक्वेन्स करताना पहिलीतली एक सोंगटी वापरलेली चालते. हे डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगा, विशेषतः यजमानांसमोर.