वाळवंटातल्या निर्जन रस्त्यावर गाडी नेताना: तुमचे अनुभव लिहा

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं अमेरिकेतल्या युटा राज्याचा बायवे १२ हा रस्ता करून शेजारच्या नेवाडामार्गे परत यायचं म्हणतोय. फोटोच्या जागांची माहिती ढिगानं मिळाली. मला हवंय ते, काय चुकलं आणि कशानं निभावलं.

सुरुवात मीच करते. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात जाताना टाउन पास या घाटाच्या चढावर 'एसी बंद करा' अशी पाटी आहे. आम्ही हसलो. पाच मिनिटांत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे. नवऱ्यानं एसी बंद करून चक्क हीटर पूर्ण सोडला, इंजिनाची उष्णता आत ओढायला. मुलं ओरडत होती, डॅशबोर्डवर ठेवलेली चॉकलेटं खाली ठिबकत होती. पण काटा उतरला.

*

गॅस, म्हणजे पेट्रोल! नकाशावर गावाचं नाव दिसतं म्हणजे पंप असेलच असं नाही. नेवाडाच्या ३७५ नंबरच्या हायवेवर रेचल गाव आहे, पंप नाही. टोनोपा ते अ‍ॅश स्प्रिंग्ज साधारण १५० मैल कोरडे. हायवे ५० वर फॅलन सोडलं की ऑस्टिनपर्यंत ११० मैलांच्या आसपास. आमचा नियम: पंप दिसला की भरायचं, टाकी पाऊण असली तरी. बायको कंटाळते, कंटाळू दे.

*

ऑगस्ट म्हणताय म्हणून मुद्दाम लिहितो. जुलै ते सप्टेंबर तिकडे मॉन्सूनची वादळं होतात, आणि पाऊस आपल्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. युटातल्या बर ट्रेल या रस्त्यावर एका कोरड्या ओढ्यापाशी मी पाय मोकळे करायला थांबलो होतो. वर निळंशार आकाश, लांब डोंगरावर एक काळा ढग, बस. आधी आवाज आला, खडी ओतावी तसा. मग काड्या, शेण आणि तपकिरी फेस यांची एक जीभ वळणावरून सरपटत आली, आणि तिच्यामागे पाणी. दोन मिनिटांपूर्वी मी त्याच वाळूत उभा होतो.

पलीकडचा पिकअपवाला हात हलवून 'थांब' म्हणत होता. थांबलो, तीन तास. फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान गाडी वाहून नेतं, आणि खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही ते वरून कळत नाही. आता मी सकाळी निघण्याआधी रेंजर ऑफिसला विचारतो. कच्च्या रस्त्यांचं मॅपपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. ओली चिकणमाती असेल तर फोर व्हीलही कामाची नाही.

*

डेथ व्हॅलीतलं रेसट्रॅक प्लाया हे कोरडं तळं. तिथवर २७ मैल कच्चा रस्ता, धारदार दगड. टायर दोन फाटले, स्टेपनी एक, तीही डोनट, म्हणजे तात्पुरतं बारकं चाक. भाड्याची गाडी, करारात 'कच्च्या रस्त्यावर नेऊ नये' असं बारीक अक्षरात होतं, ते मी नंतर वाचलं. फोनला रेंज शून्य. गाडी सोडून चालत निघायचा मोह झाला होता; मित्रानं अडवलं. गाडीची सावली असते, आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी आधी दिसते. पाच तासांनी एक जीप आली. माणशी रोज एक गॅलन पाणी सांगतात. आमच्याकडे दीड होतं म्हणून निदान भांडलो नाही.

*

बायवे १२ वर हॉगबॅकचा पट्टा आहे, एस्कलांटे आणि बोल्डरच्या मध्ये. दोन्ही बाजूंना दरी, कठडे नाहीत. तो उजेडात करा. शिवाय तिकडे गुरं मोकळी फिरतात. काळी गाय रात्री डांबरावर बसलेली असली की दिसते ती थेट बोनेटसमोर.

*

माझं थोडं वेगळं. मी दर वेळी ताईला रस्ता, गाडीचा नंबर आणि पोचायची वेळ लिहून पाठवते. रात्री नऊपर्यंत फोन नाही आला तर तिनं शेरिफ ऑफिसला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, कळवायचं. एकदा मोटेलवर आठलाच पोचले, आंघोळ केली आणि गाढ झोपले. साडेदहाला दार वाजलं. उघडलं तर समोर गणवेशातला डेप्युटी, त्याच्या फोनवर ताई, आणि ती मराठीत मला जे काही बोलत होती ते तो अतिशय आदबीनं ऐकत उभा.