एचआरचा एमआयएस कुणी वाचतच नाही, काय बदलू?

चाकणची_एचआर: गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. दर महिन्याला हेडकाउंट, अ‍ॅट्रिशन (नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण), हजेरी, ट्रेनिंगचे तास असा एमआयएस, म्हणजे आकड्यांचा रिपोर्ट, जातो. प्लांट हेड पहिली स्लाइड बघून "ठीक आहे" म्हणतात, की विषय प्रॉडक्शनवर. यावरून काही निर्णय व्हावेत असं वाटतं. पॉवर बीआय (आकड्यांचे डॅशबोर्ड बनवणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का?

जुना_पर्सोनेल: ते राहू दे, एक्सेलचं पिव्होट पुरे. आधी साहेबांना विचार, येत्या सहा महिन्यांत त्यांना कशाची धास्ती आहे. नवी लाइन टाकणार असतील तर सीएनसी सेटर (संगणकावर चालणारी मशीन कामाला लावून देणारे) किती लागतील, आहेत किती, निवृत्तीला किती आलेत आणि नवा माणूस एकट्याने मशीन लावायला किती महिने घेतो, एवढं एका पानावर दे.

अ‍ॅट्रिशनची सरासरी तर देऊच नकोस. पहिल्या तीन महिन्यांत सोडणारे वेगळे काढ. ते जास्त असतील तर गोची भरतीत आहे: सांगितला एक पगार, हातात पडला दुसरा, नाहीतर बसचा थांबा लांब. तीन-चार वर्षं मुरलेले जात असतील तर बहुधा शेजारची कंपनी जास्त देतेय. दोन्हींवर औषध वेगळं, आणि सरासरीत दोन्ही बुडतात.

चाकणची_एचआर: पटलं. पण कंत्राटी कामगार आम्ही धरतच नाही, त्यांचं मस्टर कंत्राटदाराकडे.

शॉपफ्लोअर_दादा: मग अर्धा कारखाना रिपोर्टबाहेरच की! गणपती, दिवाळी, लग्नसराईत माणसं कमी पडणार हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक असतं, तरी दरवर्षी ऐनवेळी धावाधाव. मागच्या तीन वर्षांची हजेरी शिफ्टवार लाव, गणपतीचा अंदाज जुलैतच दे. शेजारी ओव्हरटाइमचे रुपये टाक. रुपये दिसले की वाचतात.

आकडेमोडे: कंपनी लिस्टेड आहे का? सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण, समाज, कारभार यांबद्दलचा वार्षिक अहवाल) सक्तीचा केलाय. त्यात कायम कर्मचारी-कामगारांच्या गळतीचा तीन वर्षांचा दर, स्त्री-पुरुष वेगळा, द्यावा लागतो. मूल झाल्यावर आई-वडिलांनी घेतलेल्या रजेनंतर किती परतले, किती टिकले, तेही.

चाकणची_एचआर: आम्ही नाही, पण आमचं मोठं गिऱ्हाईक लिस्टेड आहे, हल्ली तसलेच फॉर्म पाठवतं. कंत्राटदाराकडून शिफ्टवार हजेरी एक्सेलमध्ये कशी मिळवायची? मागितली की रजिस्टरचे फोटो येतात, तेही आडवे.

शॉपफ्लोअर_दादा: अकाउंट्सला हाताशी धर. शीट जोडल्याशिवाय बिल पास नाही म्हटलं की पुढच्याच महिन्यात एक्सेल येईल.